के-जेट्रॉनिक इंजेक्शनच्या जुन्या गाडीला टर्बो: पेट्रोल पुरेल का?

जुनी_जीटीआय

गाडी पहिल्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. इंजिन १७८१ सीसी, कॉम्प्रेशन १०:१, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ११२ हॉर्सपॉवर. इंजेक्शन बॉशचं के-जेट्रॉनिक, पूर्ण यांत्रिक. लॅम्डा सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं भरतं, तेल जळत नाही.

मला साधारण १५० हॉर्सपॉवर हवी आहे. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवायचं नाही, के-जेट ठेवूनच करायचं आहे. प्रश्न असे:

१. हवेची सेन्सर प्लेट (आत जाणाऱ्या हवेने उचलली जाणारी तबकडी) टर्बोच्या आधी ठेवायची की नंतर?
२. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आल्यावर जास्तीचं पेट्रोल कुठून येणार? सीओचा (आयडलचं मिश्रण लावायचा) स्क्रू अर्धा फेरा आवळला की काम होतं, असा सल्ला मिळाला आहे.
३. १०:१ कॉम्प्रेशनवर किती बूस्ट चालेल?
४. टर्बो कोणता?

---

मापनळी

आधी दुसऱ्या प्रश्नाचं, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. बूस्टसाठी सीओच्या स्क्रूला हात लावू नका. तो प्लेटचा दांडा आणि डिस्ट्रिब्युटरचा (चारही इंजेक्टरना पेट्रोल मोजून वाटणाऱ्या भागाचा) प्लंजर यांच्यातलं मूळ अंतर बदलतो. त्याचा परिणाम सर्वांत जास्त आयडलला होतो आणि प्लेट जशी वर जाते तसा कमी होत जातो. म्हणजे आयडलला इंजिन पेट्रोलने गुदमरेल आणि पूर्ण बूस्टला, जिथे खरी गरज आहे, तिथे फारसा फरक पडणार नाही.

प्लेट टर्बोच्या आधी, म्हणजे ओढीच्या बाजूला. क्रम असा: एअर फिल्टर, प्लेट, कॉम्प्रेसर, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), थ्रॉटल. पोर्शे ९३० (१९७५), साब ९९ टर्बो (१९७८), ऑडी क्वात्रो (१९८०) या सगळ्या के-जेटवर चालणाऱ्या टर्बो गाड्या आणि सगळ्यांत प्लेट टर्बोच्या आधीच. प्लेटला बाहेरच्याच दाबाची हवा दिसते. टर्बोने जास्त ओढली की प्लेट जास्त उचलते आणि पेट्रोल आपोआप वाढतं. म्हणून यांत्रिक असूनही ही पद्धत टर्बोला चांगली मानवते.

पण मर्यादा आहे. प्लेट वर टेकली की पेट्रोल तिथेच थांबतं. हवा पुढे वाढत राहते, मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं), आणि पिस्टन इथेच जातात. त्यामुळे टर्बो विकत घेण्याआधी तुमचा डिस्ट्रिब्युटर जास्तीत जास्त किती पेट्रोल देतो ते मोजा.

गणित: १.८ लिटर, ६००० आरपीएम, सिलिंडरचं भरण ८५ टक्के धरलं तर बूस्टशिवाय सेकंदाला साधारण ०.०९२ किलो हवा लागते. ०.५ बार बूस्ट आणि इंटरकूलरनंतर ४५ अंश तापमान धरलं तर ०.१२७ किलो. १२:१ मिश्रणाला (बारा भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनाने) मिनिटाला साधारण ८५० सीसी पेट्रोल, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमागे २१० ते २१५ सीसी. हॉर्सपॉवरवरून पडताळायचं असेल तर टर्बो पेट्रोल इंजिनाला प्रति हॉर्सपॉवर मिनिटाला ५.५ ते ६ सीसी धरा. उत्तर जवळपास तेच येतं.

मोजायची रीत: चारही इंजेक्टर बाहेर काढून चार मापनळ्यांत सोडा. इग्निशनची कॉइल सुटी करा, अग्निशामक हाताशी ठेवा, काम उघड्यावर करा. पंपाचा रिले ब्रिज करून पंप चालवा. बॅटरीला चार्जर लावलेला असू द्या, कारण व्होल्टेज पडलं की पंपाचा आकडा खोटा येतो. प्लेट हाताने पूर्ण वर उचलून बरोब्बर ३० सेकंद धरा. प्रत्येक नळीत ११० सीसी तरी हवं. ९० ला थांबलं तर तुमचं इंजेक्शन १२५ हॉर्सपॉवरच्या आसपास संपतं. चारांतला फरक १० टक्क्यांच्या वर असेल तर इंजेक्टर आपसांत बदलून पुन्हा मोजा: फरक इंजेक्टरबरोबर सरकला तर दोष इंजेक्टरचा, जागेवर राहिला तर डिस्ट्रिब्युटरचा. त्याच वेळी गेजवर सिस्टिम प्रेशर बघा. ते ४.७ ते ५.२ बारच्या दरम्यान हवं आणि प्लेट पूर्ण वर असतानाही पडता कामा नये. पडलं तर पंप किंवा फिल्टर कमी पडतोय.

पेट्रोल अपुरं निघालं तर चार सिलिंडरच्याच टर्बो गाडीचा पूर्ण संच शोधा, उदाहरणार्थ व्होल्वो २४० टर्बोचा (१५५ हॉर्सपॉवर). डिस्ट्रिब्युटर, प्लेटचं घर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर एकत्रच घ्या. प्लेटभोवतीच्या शंकूचा उतार आणि डिस्ट्रिब्युटरच्या फटी एकमेकांसाठी ठरवलेल्या असतात. दोन गाड्यांचे भाग मिसळले की एका टप्प्यावर रिच (पेट्रोल जास्त), दुसऱ्यावर लीन असं होतं आणि ते कोणत्याच स्क्रूने जुळत नाही.

आता बूस्टमधलं जास्तीचं रिच. ते काम वॉर्म-अप रेग्युलेटरचं. गरम इंजिनाला कंट्रोल प्रेशर (प्लंजरच्या डोक्यावरचा पेट्रोलचा दाब) साधारण ३.४ ते ३.८ बार असतं आणि तेच प्लेटला खाली दाबून धरतं. टर्बो गाड्यांच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची होज जोडलेली असते. बूस्ट आला की तो कंट्रोल प्रेशर उतरवतो. पेट्रोल कंट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. ३.६ वरून २.७ बारवर आलं तर √(३.६ ÷ २.७), म्हणजे साधारण १५ टक्के जास्त पेट्रोल, १३.८ चं मिश्रण १२ वर येतं. मात्र यात एक मेख आहे: प्लेटही त्याच प्रमाणात लवकर वर टेकते. डिस्ट्रिब्युटरची कमाल क्षमता यातून वाढत नाही. म्हणून वर सांगितलेली मोजणी टाळता येत नाही.

रेग्युलेटर बसवण्याआधी बाकावरच तपासा. होजच्या तोंडाला हातपंपाने ०.५ बार द्या आणि कंट्रोल प्रेशर किती उतरतं ते लिहून ठेवा. अजिबात उतरलं नाही तर आतला पडदा फाटला आहे.

---

ठिणगी२६अंश

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. १०:१ वर इंटरकूलर आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल असेल तर ०.३५ बार. त्यापुढे मी जाऊ देणार नाही. त्यात १३० ते १३५ हॉर्सपॉवर मिळेल. १५० साठी ०.५ बार लागेल आणि त्यासाठी कॉम्प्रेशन ८ ते ८.५ वर आणावं लागेल. त्या काळच्या कंपन्यांनी काय ठेवलं होतं बघा: साब ९९ टर्बो ७.२, व्होल्वो २४० टर्बो ७.५, पहिली क्वात्रो ७.०. नॉक (मिश्रण अवेळी पेटून होणारा ठोका) ओळखणारा सेन्सर नसताना त्यांनी एवढी मोकळीक ठेवली, ती उगीच नाही.

कॉम्प्रेशन उतरवायचं तर पिस्टन बदला. जाड हेडगॅस्केट किंवा दोन गॅस्केटमध्ये पत्रा हा मार्ग नको. पिस्टन आणि हेडमधली कडेची फट वाढते, मिश्रणाची घुसळण कमी होते आणि नॉकिंगची शक्यता कॉम्प्रेशन उतरवूनही म्हणावी तशी कमी होत नाही.

इग्निशनकडे कुणी लक्ष देत नाही आणि नुकसान तिथूनच होतं. बूस्टमध्ये दर ०.१ बारला टायमिंग साधारण दीड अंश मागे यायला हवं. ०.५ बारला सात अंश. इग्निशनचा डिस्ट्रिब्युटर नुसता फिरवून सात अंश मागे केला तर आयडल आणि साधं चालवणंही मरगळतं, शिवाय एक्झॉस्ट तापतो. टर्बो गाडीचा दुहेरी पडद्याचा कॅप्सूल (टायमिंग सरकवणारी डबी) घ्या: एका बाजूने व्हॅक्यूमला पुढे, दुसऱ्या बाजूने बूस्टला मागे. साध्या कॅप्सूलच्या होजमध्ये बूस्ट जाऊ देऊ नका. बसवल्यावर ३००० आरपीएमला धरून स्ट्रोब लाइट लावा, हातपंपाने बूस्टच्या तोंडाला दाब द्या आणि खूण किती सरकते ते डोळ्यांनी बघा.

प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा), ०.५ बारला दोन. गॅप ०.६ मिमी, जास्त ठेवलात तर बूस्टखाली ठिणगी विझते आणि ते मिसिंग पेट्रोलच्या कमतरतेसारखं भासतं.

---

जुनी_जीटीआय

म्हणजे आधी ०.३५ बारवर थांबतो, पिस्टन नंतर. मोजणी या आठवड्यात करतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल मिटल्यावर दाब सोडणारा) बाहेर सोडला तर चालेल का? आणि इंजिनाच्या ब्रीदरची (क्रँककेसमधले वायू बाहेर काढणारी) नळी, ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्हची (थंड इंजिनाला आयडलसाठी जास्त हवा देणाऱ्याची) नळी कुठे जोडायची?

---

होजक्लिप

बाहेर सोडणारा चालणार नाही. प्लेटने मोजलेली हवा बाहेर गेली तरी तिच्या वाटचं पेट्रोल सिलिंडरमध्ये जातंच. प्रत्येक गिअर बदलताना काळा धूर आणि झटका. व्हॉल्व्हची हवा प्लेट आणि कॉम्प्रेसरच्या मधल्या होजमध्ये परत सोडा.

के-जेटमध्ये प्लेटनंतरची प्रत्येक गळती मिश्रण बिघडवते आणि टर्बो लावल्यावर तीच चीर दोन तोंडांनी बोलते. आयडलला तिथून न मोजलेली हवा आत येते म्हणून लीन, बूस्टला मोजलेली बाहेर जाते म्हणून रिच. आयडल डळमळतंय आणि बूस्टला वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर) १० दाखवतोय असं दिसलं की आधी चीर शोधा, रेग्युलेटरशी खेळू नका. कॉम्प्रेसरचं तोंड बुचाने बंद करून दाबनियंत्रकातून ०.५ बार हवा द्या आणि सगळीकडे साबणाचं पाणी मारा.

हमखास गळणाऱ्या जागा: इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि हेडमधल्या त्यांच्या प्लॅस्टिकच्या बैठका, कोल्ड स्टार्ट इंजेक्टरचं (थंड इंजिन सुरू करताना जास्तीचं पेट्रोल देणाऱ्याचं) गॅस्केट, थ्रॉटलचा दांडा, ऑइल भरायचं झाकण. हे इंजेक्टर नुसत्या ओ-रिंगच्या घर्षणावर बसलेले असतात. रबर कडक झालेलं असेल तर बूस्टने नाही तरी मॅनिफोल्डमधल्या एखाद्या बॅकफायरने उडून बाहेर येतात, आणि पेट्रोल फवारतच राहतं. ओ-रिंग आणि बैठका नव्या घाला, वर बोल्टने आवळलेली पट्टी लावा. ही पट्टी लावल्याशिवाय बूस्ट देऊ नका.

ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह: मूळ मांडणीत त्याची हवा प्लेट आणि थ्रॉटलच्या मधल्या रबरी बूटमधून येते. टर्बो मध्ये आल्यावर ती जोडणी कॉम्प्रेसरच्या पुढे, थ्रॉटलच्या जवळ न्या. कॉम्प्रेसरच्या आधी राहिली तर इंजिन थंड असताना मॅनिफोल्डमधला बूस्ट त्या वाटेने मागे पळतो. ब्रीदर प्लेट आणि कॉम्प्रेसरच्या मधे. मॅनिफोल्डला जाणारी फाटा-नळी असेल तर तिच्यात एकदिशा व्हॉल्व्ह. ब्रेक बूस्टरचा एकदिशा व्हॉल्व्हही तोंडाने फुंकून तपासा.

तेल: पुरवठा ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून. परतीची नळी आतून किमान १६ मिमी, सतत उताराची, कुठेही झोळ नको, आणि सम्पमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उतरलेली. परतीला अडथळा आला की तेल टर्बाइनच्या सीलमधून बाहेर पडतं आणि लोक विनाकारण टर्बो खराब ठरवतात.

या इंजिनाला इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, त्यामुळे टर्बोची उष्णता थेट इंजेक्टरच्या नळ्यांवर जाते. मधे पत्र्याचं हीट शील्ड हवंच. गरम गाडी बंद करून अर्ध्या तासाने सुरू होत नसेल तर ॲक्युम्युलेटर आणि पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा. पंप थांबल्यावरही लाइनमध्ये प्रेशर टिकलं नाही तर पेट्रोलची वाफ होते.

टर्बोसाठी गॅरेटचा टी३ बघा, लहान टर्बाइन हाउसिंगचा. साबने दोन लिटरला तोच वापरला होता.

---

दोनशे_चाळीस

वॉर्म-अप रेग्युलेटर मिळत नसेल तर सोपा उपाय: कोल्ड स्टार्ट इंजेक्टरला प्रेशर स्विच लावा. ०.३ बारला तो उघडतो आणि पेट्रोल वाढतं.

---

मापनळी

०.३५ बारच्या गाडीलाही मी तो सुचवणार नाही. कोल्ड स्टार्ट इंजेक्टर मॅनिफोल्डच्या पोटात एकाच जागी फवारतो. पेट्रोल चार सिलिंडरना सारखं पोचत नाही. वाइडबँड सरासरी १२ दाखवेल आणि एक सिलिंडर १३.५ वर असेल. शिवाय तो एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद, त्यामुळे ०.३ बारला गाडी दरवेळी अडखळते.

प्रेशर स्विच मात्र जरूर लावा, पण दुसऱ्या कामाला. वेस्टगेटच्या (बूस्टची मर्यादा राखणाऱ्या झडपेच्या) सेटिंगपेक्षा ०.२ बार वर ठेवून पंपाच्या रिलेची वायर त्यातून न्या. वेस्टगेटची होज निसटली तर पंप बंद पडेल आणि इंजिन वाचेल. साबने ९९ टर्बोला अशीच सोय दिली होती. स्विच थेट मॅनिफोल्डला स्वतंत्र नळीने जोडा, वेस्टगेटच्या नळीवर टी मारून नको. ती नळी फुटली तर दोन्ही एकदमच आंधळे होतात.

आणि इंजेक्टरबद्दल एक: बूस्टचा उलटा दाब इथे फारसा अडवत नाही. मोजणी डिस्ट्रिब्युटरच्या फटींवर ०.१ बारच्या स्थिर फरकाने होते, इंजेक्टर नुसता ३.३ ते ३.६ बारला उघडणारा फवारा आहे. ०.५ बारला त्याला ४.१ पर्यंत लागतील. सिस्टिम प्रेशर ४.७ च्या खाली घसरलेलं असेल तरच अडचण येते. ते डिस्ट्रिब्युटरमधल्या सिस्टिम प्रेशर रेग्युलेटरच्या स्प्रिंगमागे वायसर घालून वाढवता येतं, ०.१ मिमीला साधारण ०.०६ बार. वाढवलंत तर कंट्रोल प्रेशरही पुन्हा मोजा.