लाल कानाची कासवं: अंडी वयावर ठरतात की आकारावर?

उपवनकर
लाल कानाची दोन कासवं, एकाच वेळी घेतलेली, दोघांचं वय अंदाजे सात. एकाची पाठ २१ सेंमी, पुढची नखं आखूड. दुसरं जेमतेम १२ सेंमी, नखं मात्र लांबलचक. मोठं आठवडाभर नीट खात नाही, टाकीच्या काचेवर मागचे पाय घासत राहतं. धाकट्याची वाढ खुंटली आहे का? मोठी अंड्यावर आली असेल तर किती अंडी धरायची? घोडबंदर रोडला फ्लॅट आहे, माती कुंड्यांपुरतीच.

कोलशेत_७
धाकटं खुंटलेलं नाही, तो नर आहे. लांब नखं, जाड शेपूट आणि शेपटीचं छिद्र पाठीच्या कडेपलीकडे, एवढं जुळलं की शंका नको. या जातीचा नर पोटाची ढाल साधारण १० सेंमी झाली की वयात येतो आणि मग वाढीचा वेग मंदावतो. त्याला मादीशी झटापट करायची नसते. समोर येऊन तिच्या गालांजवळ नखं थरथरवायची, एवढंच काम, त्याला मोठं अंग लागत नाही. मादी उशिरा वयात येते, कारण अंडी मावायला पोटात जागा हवी. त्यामुळे भरपूर खायला घालून तिला लवकर मोठी करणारे फसतात. मांड्यांजवळ चरबीचे गोळे दिसू लागले की समजा, ती वाढत नाहीये, नुसती सुटतेय.

माप टेप पाठीवरून वळवून घेतलं असेल तर ते जास्तच येतं. दोन पुस्तकं उभी धरून त्यांच्यामधलं सरळ अंतर मोजा.

वाशी१७
अंड्यांचा हिशोब: एकाच जातीत मोठी मादी जास्त अंडी घालते, हे ढोबळमानाने खरं. २१ सेंमीच्या मादीला आठ-दहा धरा, पण पाच आली तरी घाबरू नका, आणि एका हंगामात दोन-तीन वेळाही घालू शकते.

खरी गंमत अंड्याच्या आकारात आहे. सगळी जास्तीची ताकद संख्येत जावी आणि अंडं ठरावीक मापाचंच राहावं, असा एक सिद्धांत होता. १९८७ मध्ये काँगडन आणि गिबन्स यांनी अमेरिकेतल्या तीन जाती तपासल्या. पेंटेड टर्टल आणि चिकन टर्टल या लहान जातींत अंड्याची रुंदी मादीच्या कमरेच्या हाडांच्या चौकटीबरोबर वाढत होती, म्हणजे चौकटीतून जेवढं निघेल तेवढंच अंडं. तुमच्या जातीत मात्र चौकट रुंद झाली तरी अंडं त्या प्रमाणात रुंदावत नाही. म्हणून मोठ्या मादीला अंडं अडकण्याची भीती कमी. कमी, शून्य नव्हे.

कळवा_नाका
आता खड्ड्याचं बघा, कारण हे सगळं लक्षण त्याचंच आहे. माती मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते किंवा पाण्यात सोडते, आणि पाण्यातली अंडी दोघं मिळून खातात.

पाऊण मीटर लांबीचा खोल टब घ्या. बागेची माती आणि बांधकामाची वाळू निम्मी-निम्मी, धुऊन, २५ सेंमी थर. बहुतेकांचं इथेच चुकतं: दहा सेंमी वाळू घालतात, तिचे पाय तळाला लागतात आणि ती उठून जाते. ओलावा असा हवा की बोटाने केलेलं भोक ढासळू नये. ती मागच्या पायांनी सुरईसारखा, तोंडाशी अरुंद खड्डा करते आणि स्वतःच पाणी सोडून माती मऊ करत जाते. तिला एकटीला, माणसांच्या नजरेआड, तीन-चार तास ठेवा. डोकावलात की खोदणं बंद. नर वेगळा ठेवाच, तो तिला बसू देत नाही.

चपटा समुद्रफेस (म्हाकुळाचं पांढरं हाड) टाकीत सोडा, अंड्याच्या कवचाला चुना लागतो. उन्हाचा किंवा यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणाऱ्या) दिव्याचा भाग कायम हवा, नाहीतर चुना अंगी लागत नाही.

वाशी१७
मांडीच्या पुढच्या खळगीत बोट घालून अंडी चाचपायचा मोह टाळा. दाबाने आत फुटलं तर पोटात बलक पसरून संसर्ग होतो. माती देऊनही चार-पाच दिवसांत काही झालं नाही, ती सुस्त पडली किंवा पोहताना एका बाजूला कलली, तर थेट सरपटणाऱ्यांचं बघणाऱ्या व्हेटकडे. एक्स-रेत कवचाची अंडी मोजता येतात. अंडी बाहेर यावीत म्हणून देतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन एक्स-रेआधी देऊ देऊ नका. अंडं चौकटीपेक्षा मोठं किंवा फुटलेलं असेल तर नुकसान होतं.

उपवनकर
टब आजच भरतो. अंडी आली तर उबवायची का?

कोलशेत_७
नको. त्याच दिवशी डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन दिवसांनी टाका. नर वेगळा केला तरी मादी त्याचं बीज महिनोन्‌महिने साठवते, म्हणजे पुढची अंडीही फळलेली निघू शकतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत ही जात आहे. पिल्लं ठाण्यातल्या तलावपाळीत किंवा उपवन तलावात सोडायचा विचारही नको. तिथे आपली मऊ पाठीची कासवं ऊन खायच्या जागा आणि खाणं यांसाठी आधीच झगडतात. ती तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधली, घरात ठेवणंही गुन्हा.