कॅलिपर ब्रॅकेटचा 17 मिमीचा बोल्ट जाम, कोपरे घासायला लागलेत

रत्नांग्रीकर: छोटी पेट्रोल हॅचबॅक, दहा वर्षं खाऱ्या हवेत. पुढच्या ब्रेकची डिस्क आणि पॅड बदलतोय. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निघाला, पण तो ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचा खालचा बोल्ट ढिम्म. रिंग पान्याने कोपरे थोडे गोल झालेत. डोक्यावर डब्ल्यूडी-40 मारून अर्धा तास थांबलो. आता गॅसच्या ज्योतीने तापवू का?

आटेदार: गॅस नंतर. आधी तो बारा कोनांचा रिंग पाना बाजूला ठेवा. तो कोपऱ्यांवरच जोर देतो, म्हणून बोल्ट गोल होतो. सहा कोनांची गोटी (सॉकेट), अर्धा इंच ड्राइव्ह, दोन फुटांची टॉमी (फिरवायचा दांडा) घ्या.

तेल चुकीच्या जागी पडलंय. बऱ्याच छोट्या गाड्यांत नकलचं (चाक धरणाऱ्या भागाचं) भोक साधं, बिनआट्याचं असतं आणि आटे ब्रॅकेटमध्ये. डोक्यावर कितीही मारा, आट्यांपर्यंत पोचत नाही. डिस्कच्या बाजूला बोल्टचं टोक दिसतं, तिथे वायर ब्रश फिरवा आणि गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी डोक्यावर हातोड्याचे चार-पाच नीट ठोके. आधी किंचित आवळा, मग सोडा. खाली वाकून उलटं बघताना दिशा चुकते, सोडतोय म्हणून आवळणारे बरेच असतात. डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट.

स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टॉमीला जागा मिळते. गाडी घोडीवरच (जॅक स्टँडवर) हवी. एवढा जोर लावताना नुसत्या जॅकवरून ती सरकते.

नटबोल्ट: तरी नाही हलला तर उष्णता. कंपनीतून आट्यांना लॉकिंग गोंद लावलेला असू शकतो, तो 250 अंशांच्या आसपास मऊ होतो. ब्रॅकेटचा कान (आटे असलेला भाग) तापवा, बोल्ट नको. कान फुगला की पकड सुटते. लाल होईपर्यंत तापवू नका.

त्याआधी कॅलिपर तारेने वर बांधा (ब्रेकच्या रबरी होजवर लटकवायचा नाही), एबीएसची वायर आणि बॉल जॉइंटचं रबर ओल्या फडक्याने झाका. तेल पुसून घ्या, पेट घेतं. ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर पूर्ण वाळू द्या. क्लोरीनवाला क्लीनर तापला की फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे.

रत्नांग्रीकर: आणि गोटीच घसरली तर?

आटेदार: 16 ची सहा कोनी गोटी हातोड्याने ठोकून बसवा, किंवा एक्स्ट्रॅक्टर गोटी आणा. मग तो बोल्ट परत वापरायचा नाही. नवा त्याच ग्रेडचा, डोक्यावर आकडा असतो. टॉर्क मॅन्युअलमधला. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावून तोच टॉर्क दिलात तर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून आटे कोरडे, नाहीतर मॅन्युअल सांगेल तो लॉकिंग गोंद.

नटबोल्ट: कॅलिपर उतरलाच आहे तर गाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) ओढून बघा. खाऱ्या हवेत त्याही अडकतात आणि मग एकच पॅड झिजतो. तिथे सिलिकॉन ग्रीस. साध्या ग्रीसने रबर फुगतं. आणि चाक लावल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबा, त्याआधी गाडी हलवायची नाही.