मुलीला ४०० मीटर आवडते. पॅरा-ॲथलेटिक्समध्ये तिच्यासाठी स्पर्धा कशी निवडावी?

प्रश्न : डिचोली तालुक्यातील एक पालक

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. जन्मापासून तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे) असून उजव्या हातापायात ताठरपणा आहे. डावी बाजू मात्र चांगली चालते. धावताना तिची उजवी टाच जमिनीला नीट टेकत नाही, त्यामुळे नव्या बुटांच्या जोडीतील उजव्या बुटाचे टोक महिनाभरात झिजून आतले कापड दिसू लागते आणि डावा बूट तसाच नवा राहतो. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताच्या धावपटू प्रीती पाल यांनी टी-३५ या धावण्याच्या गटात १०० मीटर १४.२१ सेकंदांत व २०० मीटर ३०.०१ सेकंदांत धावून दोन कांस्यपदके मिळवली, तेव्हापासून घरात ‘प्रीतीताई’ हाच विषय असतो. तिचा ओढा मात्र ४०० मीटरकडे आहे, तर शाळेतील शिक्षक म्हणतात की प्रीती ज्या शर्यती धावतात त्याच हिनेही धराव्यात. आम्ही कोणाचे ऐकावे? आणि सुरुवात नेमकी कुठून करावी?

उत्तर : क्रीडाशिक्षिका, फोंडा

नमस्कार. शर्यत निवडण्याआधी वर्गीकरण, म्हणजे बाधेनुसार मुलीचा गट (वर्ग) तज्ज्ञांकडून ठरवून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन, कारण पॅरा-ॲथलेटिक्समध्ये खेळाडूची कारकीर्द तिच्या वर्गाभोवती उभी राहते आणि प्रत्येक वर्गासाठी प्रत्येक शर्यत ठेवलेली नसते. हातापायांच्या हालचालींत समन्वय नसलेल्या, उभ्याने धावणाऱ्या खेळाडूंसाठी टी-३५ ते टी-३८ हे वर्ग आहेत. टी-३५ मध्ये प्रामुख्याने दोन्ही पाय बाधित असतात, टी-३६ मध्ये तोल आणि अनैच्छिक हालचालींचा त्रास असतो, टी-३७ मध्ये शरीराची एक बाजू बाधित असते, तर टी-३८ मध्ये बाधा तुलनेने सौम्य असते. तुम्ही केलेल्या वर्णनावरून मुलीचा वर्ग प्रीतींच्या वर्गापेक्षा वेगळा, बहुधा टी-३७, निघू शकतो. अर्थात तो ठरवण्याचा अधिकार वर्गीकरण करणाऱ्या तज्ज्ञांचाच आहे. पॅरिसमध्ये महिलांच्या टी-३५ गटात धावण्याच्या केवळ १०० आणि २०० मीटरच्या शर्यती होत्या, टी-३७ मध्ये मात्र ४०० मीटर आणि लांब उडीसुद्धा होती. तेव्हा मुलीचा ओढा आत्ताच मोडू नका.

आणखी एक गोष्ट पालक हमखास गल्लत करतात, म्हणून सांगते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर लिहिलेली टक्केवारी आणि खेळातील वर्ग या दोन स्वतंत्र बाबी आहेत. चाळीस टक्क्यांचा दाखला शासकीय लाभांसाठी लागतो. वर्ग मात्र त्या बाधेचा धावण्यावर प्रत्यक्ष किती परिणाम होतो यावरून ठरतो.

उत्तर : एका धावपटूची आई, पेडणे

वरच्या ताईंनी लिहिलेले आम्ही भोगले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या लेकीचे दोन्ही पाय ताठर आहेत. तिच्या त्या वेळच्या प्रशिक्षकांनी दोन वर्षे तिच्याकडून ४०० मीटरचाच सराव करून घेतला. पावसाळ्यात मैदानावर तांबड्या चिखलाचा राडा झाला की आम्ही रस्त्याच्या कडेने धावत होतो, आणि आठवड्यातून एकदा पहाटेची बस धरून बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर जात होतो. नंतर वर्गीकरणात टी-३५ मिळाला आणि ज्या शर्यतीसाठी एवढा जीव काढला ती तिच्या वर्गाला पॅरालिंपिकमध्ये नाहीच, हे कळले. त्या दिवशी ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

वर्गीकरणाच्या वेळी तज्ज्ञांनी तिला टेबलावर झोपवले, गुडघा आणि घोटा आधी सावकाश, मग झटकन हलवून पाहिला. ताठरपणा झटक्याने हलवल्यावरच नीट कळतो, असे त्यांनी समजावले. त्यानंतर तिला चालायला आणि धावायला लावले. पुढे प्रत्यक्ष स्पर्धेतही तिचे निरीक्षण झाले. जुने वैद्यकीय कागद, एमआरआयचा अहवाल, डॉक्टरांनी नीट भरलेला अर्ज हे सगळे एका फाइलीत घेऊन जा. मुलीला ‘अमुक कर, तमुक करू नको’ असे काही शिकवू नका. बाधा आहे त्यापेक्षा जास्त दाखवणे हा या खेळातला गंभीर गुन्हा मानला जातो. वाढीच्या वयात वर्ग कायमचा ठरवण्याऐवजी पुन्हा तपासण्याची तारीख देतात, त्याने निराश होऊ नका.

सरावाबाबत एकच सांगते. थकव्याने ताठरपणा वाढतो, म्हणून पोटऱ्यांचे ताण देण्याचे व्यायाम धावण्याआधी आणि नंतरही शांतपणे करून घ्यावेत. बैठ्या सुरुवातीची सक्तीही करू नका; या वर्गांत उभ्याने सुरुवात करायला परवानगी आहे. माझी लेक आता २०० मीटर धावते आणि तिला ते मनापासून आवडू लागले आहे, पण ती दोन वर्षे मला अजून सलतात.

उत्तर : निवृत्त प्रशिक्षक, म्हापसा

धावणे जमले नाही तर फेकीचे प्रकारही आहेत, हे लक्षात असू द्यावे. आपल्या नांदेडच्या भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकतात. एफ-३४ या फेकीच्या गटात टोकियो पॅरालिंपिकमध्ये त्या सातव्या होत्या, पॅरिसमध्ये पाचव्या आल्या, आणि पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात भालाफेकपटू सुमित अंतिल यांच्यासोबत भारताचा ध्वज त्यांच्या हाती होता. दीपा मलिक यांनी रिओमध्ये ४.६१ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक जिंकले तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. पॅरालिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पंधराव्या वर्षी घाई करण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्नकर्त्या पालकांचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. पेडण्याच्या ताईंचे उत्तर मी मुलीला वाचून दाखवले. तिने आधी विचारले, ‘त्या धावणाऱ्या ताईला आता बरे वाटते का?’ आणि मग माळ्यावरच्या ट्रंकेतून स्वतःच्या लहानपणीच्या सगळ्या वैद्यकीय फायली खाली काढायला लावल्या. गणेश चतुर्थीनंतर कागदपत्रे पूर्ण करून राष्ट्रीय स्तरावरील वर्गीकरणासाठी नाव द्यायचे आम्ही ठरवले आहे. तोवर शाळेच्या मैदानावर ४०० मीटर चालूच राहील.