बिडी सोडणाऱ्या माणसाला ई-सिगारेट निवडून द्यावी काय?

धुऱ्यावरची बाभूळ (मूळ लेखन)

माझा धाकटा भाऊ ५२ वर्षांचा आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलोपार्जित वावर पाहतो. दिवसाला २५ बिड्यांचे एक बंडल त्याला पुरत असे. हरभऱ्यावर रानडुकरे पडू लागली आणि रात्रीची जागल सुरू झाली की दुसरे बंडलही फुटते. यंदा पहाटेचा खोकला इतका वाढला की अंगणातील खाटेवर त्याला बसून झोपावे लागते.

इंग्लंडमधील लेस्टर शहरात राहणारा आमचा भाचा दोन वर्षांपूर्वी ई-सिगारेटच्या, म्हणजे निकोटिनचा द्रव तापवून त्याची वाफ ओढायच्या यंत्राच्या, आधाराने सिगारेटमधून सुटला. "मामाजींना हेच द्या," असे म्हणून त्याने मला तासभर फोनवर यंत्राची निवड समजावून सांगितली. त्याच्या मते किंमत किंवा वाफेचा लोट पाहून निवड करणारा माणूस आठ दिवसांत पुन्हा सिगारेटकडे वळतो. पाहायचे ते एवढेच, की सकाळच्या पहिल्या सिगारेटची तलफ त्यातून भागते की नाही. त्याने स्वतः आरंभी मोठ्या टाकीचे, ढगासारखी वाफ सोडणारे यंत्र घेतले आणि त्यात मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम निकोटिनचा द्रव भरला. तलफ भागेना, म्हणून तीन महिने यंत्रही चालू होते आणि सिगारेटही. मग त्याने लहान पॉडचे (द्रवाच्या छोट्या डबीचे), सिगारेटसारखे तोंडात ओढून मग आत घ्यायचे साधे यंत्र घेतले आणि निकोटिन क्षाराचा २० मिलिग्रॅमचा द्रव वापरला. क्षाराच्या रूपातील निकोटिन जास्त प्रमाणात असूनही घशाला कमी बोचते, त्यामुळे जुन्या व्यसनी माणसाला ते सोसते. अशा लहान यंत्राची कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, एक ओहम रोधाच्या वरची असावी आणि द्रव पातळ असावा, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन साधारण निम्मे-निम्मे असावे, असेही त्याने सांगितले. नवीन पॉड भरल्यावर आतील कापसाच्या वातीत द्रव मुरण्यासाठी दहा मिनिटे थांबायचे, नाहीतर वात करपते आणि घशात जळका ठसका बसतो. (आमचा कापूस कोणत्या भावाने गेला आणि तो कुठे कुठे जाऊन पोचला, हा वेगळाच विषय आहे.)

त्याचे सांगणे मला पटले, परंतु ते सारे एका गोष्टीवर उभे आहे, आणि ती म्हणजे बाटलीवर लिहिलेले खरे असणे. तिथे मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक निकोटिन चालत नाही, टाकी २ मिलिलिटरची आणि बाटली १० मिलिलिटरचीच असावी लागते, शिवाय विक्रीपूर्वी प्रत्येक मालाची माहिती सरकारी नियामकाकडे द्यावी लागते. आपल्याकडे २०१९ पासून या वस्तूची विक्रीच बंद आहे. तरीही तालुक्याच्या गावी मोबाइलचे कव्हर विकणाऱ्या एका दुकानदाराने मला गल्ल्याखालून तीन यंत्रे काढून दाखवली. एकावर ५० मिलिग्रॅम असे छापलेले होते, दुसऱ्यावर केवळ आंब्याचे चित्र होते आणि तिसऱ्यावरील मजकूर चिनी लिपीत होता. यांपैकी चांगले कोणते, असे विचारल्यावर "आंबा जास्त चालते," असे उत्तर मिळाले.

माझा कल न घेण्याकडे आहे. परंतु भावाचा खोकला रोज कानावर पडतो, म्हणून अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

मेडिकलवाला, चंद्रपूर जिल्हा

आपला कल योग्य आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. साठवण सोडली तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड आहे. आयातही बंद असल्यामुळे भाच्याने दिवाळीला येताना बॅगेतून यंत्र आणावे, असा विचार कोणाच्या मनात असेल तर तो काढून टाकावा.

कायद्यापेक्षा मला त्या आंब्याच्या चित्राची भीती अधिक वाटते. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. निकोटिन हे एके काळी कीटकनाशक म्हणूनच वापरले जात असे आणि कपाशीवर आपण मारतो त्या इमिडाक्लोप्रिडच्या गटाचे नावही निकोटिनवरूनच पडलेले आहे. ते कातडीतून शरीरात शिरते आणि लहान मुलाने गोड वासाचा द्रव गिळला तर थोडक्या मात्रेतही जिवावर बेतू शकते. ज्या घरात फवारणीची बाटली आणि पाण्याची बाटली एकाच कोनाड्यात असतात, त्या घरात आणखी एक अनोळखी बाटली नको.

२०१९ मध्ये अमेरिकेत ई-सिगारेटमुळे फुप्फुसे निकामी होण्याची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून अधिक लोक रुग्णालयात गेले आणि ६८ जण मरण पावले. मुख्य दोष गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा निघाला आणि तो माल बहुतांशी अशाच गल्ल्याखालच्या विक्रीतून आलेला होता.

निकोटिनच द्यायचे असेल तर ते कायदेशीर, मोजलेल्या मात्रेत मिळते. २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम (चावायची गोळी) चिठ्ठीशिवाय मिळतो. ४ मिलिग्रॅमच्या गमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

वर्धा–बर्मिंगहॅम–वर्धा

वरील उत्तरातील प्रत्येक विधान खरे असूनही त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही.

मी ब्रिटनमध्ये नऊ वर्षे काढली आणि माझी २० वर्षांची सिगारेट तिथेच सुटली. तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज मांडला. त्या आकड्यावर वाद आहेत, हे मी जाणतो. परंतु त्यामागील कारण साधे आहे. माणूस निकोटिनसाठी ओढतो आणि मरतो तो धुराने, कारण पान व तंबाखू जळताना डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. ई-सिगारेटमध्ये काही जळतच नाही. आपल्या बिडीचे तर आणखी वाईट आहे. तेंदूचे पान सिगारेटच्या कागदासारखे हवा आत येऊ देत नाही, ती विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते आणि धूर छातीत अधिक जातो.

२०१९ मध्येच ब्रिटनमधील ८८६ धूम्रपानकर्त्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. एक वर्षानंतर ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक धूम्रपानमुक्त होते, तर गम, कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. म्हणजे ज्या गमची शिफारस आपण करीत आहात, त्याच्या जवळपास दुप्पट यश.

आणि गल्ल्याखालचा माल बंदीमुळेच गल्ल्याखाली गेला आहे. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे. आपल्या दुकानासमोरील ठेल्यावर तो मिळत नाही काय? शासनाने बिडी विकू द्यावी, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने तिच्यावरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवावे आणि तिच्याहून कमी घातक वस्तूला मात्र कैद असावी, यातील तर्क मला कोणी समजावून द्यावा.

तेंदूपत्त्याची लेक, गोंदिया जिल्हा

माझ्या आईने ३० वर्षे बिड्या वळल्या. पाने रात्री भिजवायची, सकाळी पत्र्याच्या फर्म्यावर कात्रीने कापायची, मांडीवरील सुपात तंबाखू घेऊन वळायची, वरचे तोंड दुमडून खाली दोरा बांधायचा. हजार बिड्या पूर्ण झाल्याशिवाय मजुरी नाही. तिने आयुष्यात एकही बिडी ओढली नाही, तरी तिचा खोकला आपल्या भावाच्या खोकल्याहून वेगळा नव्हता. कर कमी झाला तर माझ्या गावातील बायांच्या हाताला काम राहते, हा तर्क मला समजतो. पटतो असे मात्र नाही.

मला विचारायचे आहे ते वेगळेच. आपले बंधू खर्राही (सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला) खातात ना? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू खाणारे आढळले होते. इंग्लंडमध्ये ओढणाऱ्याच्या हातून सिगारेट गेली की तंबाखू गेला. आपल्याकडे बिडी गेली तरी पन्नीत घोटलेला खर्रा खिशात असतोच. लेस्टरचा हिशेब उमरखेडला किंवा आमगावला तसाच्या तसा लागू होणार नाही.

धुऱ्यावरची बाभूळ

होय, खातो. दिवसाला दोन पुड्या. मूळ लेखनात मी हे लिहिले नाही, कारण आमच्या घरी खर्ऱ्याला कोणी व्यसनात मोजतच नाही.

मेडिकलवाला, चंद्रपूर जिल्हा

@वर्धा–बर्मिंगहॅम–वर्धा, त्या चाचणीचा उरलेला अर्धा भागही सांगायला हवा होता. एक वर्षाने धूम्रपानमुक्त राहिलेल्यांपैकी ई-सिगारेटच्या गटातील ८० टक्के लोक ती अजून ओढतच होते. गम-पट्टीच्या गटात दिलेली वस्तू अजून वापरणारे ९ टक्के होते. शिवाय दोन्ही गटांना किमान चार आठवडे दर आठवड्याला प्रत्यक्ष समुपदेशन मिळत होते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मिळत नाही, ही आपली उणीव आहे आणि ती यंत्राने भरून निघणार नाही.

बंदी उठली तर पहिले गिऱ्हाईक ५२ वर्षांचा बिडी ओढणारा शेतकरी असेल, असे आपण धरून चालला आहात. मी दुकानात बसतो, मला दिसतो तो दहावीचा मुलगा. ब्रिटनलाही १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायची यंत्रे बंद करावी लागली. त्यामागे कचऱ्याचे कारण होते, तसेच लहान मुलांच्या हाती ती रंगीत खेळण्यांसारखी पडू लागली होती, हेही होते.

वर्धा–बर्मिंगहॅम–वर्धा

८० टक्के लोक वाफ ओढत राहिले हे खरे, पण ते जळता धूर ओढत नव्हते. मी त्याला यश म्हणतो, आपण व्यसनाची बदली म्हणता. इथे आपले मत जुळणार नाही. मुलांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. त्यावर ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून ही विक्री औषध दुकानांपुरती मर्यादित केली आहे. आपल्याच काउंटरवर वयाचा पुरावा पाहून, मोजलेल्या मात्रेचा, तपासलेला माल विकण्याची मुभा आपल्याला असती, तर आपला विरोध राहिला असता काय?

मूळ लेखकाला मात्र मीही सांगतो की आंब्याचे चित्र असलेले ते यंत्र घेऊ नये. बिडी ओढणारा माणूस सवयीने जोरात व भराभर ओढतो. पॉडमधून तीन-चार सेकंद संथपणे ओढायचे असते. जोराने ओढल्यास द्रव तोंडात येतो. ५० मिलिग्रॅमच्या द्रवावर बिडीची ओढ लावली तर पहिल्याच रात्री मचाणावर उलट्या होतील आणि आयुष्यभर पुन्हा काही सोडण्याचे नाव निघणार नाही.

मेडिकलवाला, चंद्रपूर जिल्हा

तशी मुभा असती तर मी विरोध केला नसता. विकताना मन साशंक राहिले असते, इतकेच. परंतु आज ती नाही, आणि खोकला आजचा आहे.

गमबद्दल एक सूचना लिहायची राहिली. तो सुपारीसारखा चावत राहायचा नसतो. जिभेला झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावायचा. एक गम साधारण अर्धा तास चालतो. आधीची पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नाही, कारण आंबटसर पेयाने निकोटिन तोंडात नीट शोषले जात नाही. उठल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर २ मिलिग्रॅम अपुरे पडते. दम लागत असल्यामुळे छातीची तपासणी आधी करून घ्यावी. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर (तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीच्या फोनसेवेवर) मोफत समुपदेशन मिळते.

धुऱ्यावरची बाभूळ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. छातीचा फोटो काढला, क्षयाची तपासणी झाली आणि ती निरंक आली; श्वासनलिकांना कायमची सूज असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. भावाने पहिला गम खर्ऱ्यासारखा कचाकचा चावला आणि अर्धा तास उचक्या देत बसला. गालात धरून ठेवण्याचे सांगितल्यावर मात्र "हे तर आपल्याला येते," असे म्हणाला. खर्ऱ्याच्या वीस वर्षांच्या सरावाचा एवढा एक उपयोग झाला. वहिनीने पुड्या मोजायला सुरुवात केली आहे.

दिवसाच्या बिड्या २५ वरून ९ वर आल्या आहेत. जागलीच्या रात्री मात्र हिशेब कोसळतो. परवा पहाटे दोन वाजता त्याने मला मचाणावरून फोन केला, डुकरे आली असतील असे वाटून मी काठी घेऊन उठलो, तर म्हणाला, "दादा, गम सरले, बिडी आहे, काय करू?"

वर्धा–बर्मिंगहॅम–वर्धा

आपण काय सांगितलेत? आणि ४ मिलिग्रॅमची चिठ्ठी मिळाली का?

धुऱ्यावरची बाभूळ

चिठ्ठी सोमवारी मिळेल. त्या रात्री काही न सांगता मी मचाणावर गेलो आणि उजाडेपर्यंत आम्ही दोघे बोलत बसलो. त्याने तीन ओढल्या.