छोटा टेरिअर आपल्या घराला मानवेल का? (अनुभव धागा)

"फ्लॅट लहान आहे, मग कुत्राही लहानच बरा. जॅक रसेल टेरिअर घेऊ का?" आमच्याकडे जॅक रसेल आहे म्हणून ओळखीतले बरेच जण मला हे विचारतात. माझा त्याच्यावर फार जीव आहे, तरी या प्रश्नाला मी पटकन हो म्हणत नाही. टेरिअर हा मुळात शिकारीचा कुत्रा, लहान झाला तो बिळात शिरता यावं म्हणून. डेव्हनच्या जॉन रसेल या शिकारीच्या नादी पाद्र्याने ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ मध्ये, एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री विकत घेतली आणि तिथून ही जात सुरू झाली असं सांगतात. कोल्ह्यामागे बिळात जायचं आणि भुंकून भुंकून त्याला बाहेर काढायचं, हे तिच्या वंशाचं काम. यॉर्कशायर टेरिअर गिरण्यांतले उंदीर मारायचा. वेस्टी (वेस्ट हायलँड व्हाइट टेरिअर) आणि केर्न टेरिअर स्कॉटलंडच्या दगडधोंड्यांत शिकार करायचे.

मेंढपाळाचा कुत्रा मालकाच्या शिटीकडे कान लावून असतो. टेरिअर जमिनीखाली एकटा, तिथे हाक पोचत नाही. पुढे जायचं की मागे यायचं, हे त्याचं त्यानेच ठरवायचं. तोच स्वभाव आज आपल्या हॉलमध्ये वावरतो. म्हणून घर किती चौरस फुटांचं आहे यापेक्षा घराचा दिवस कसा जातो हे आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांच्याकडे छोटा टेरिअर आहे किंवा होता त्यांनी लिहा. विचार करून घेतला नाही अशांनीही जरूर लिहा. घरी कोण असतं, लहान मुलं, म्हातारी माणसं, मांजर, शेजारी, पावसाळा हे सगळं येऊ द्या. नुसतं 'खूप गोड आहे' वाचून कोणाला ठरवता येत नाही.

ठाणे. जॅक रसेल, नर, चार वर्षांचा.

आम्ही दोघंही नोकरी करतो. सकाळी निघण्याआधी तासभर फिरणं, रात्री पुन्हा, आणि दुपारी एक मुलगा पगारावर येऊन फिरवून नेतो. हा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

सगळे सांगतात की त्याला दमवा. नुसतं पळवलं आणि चेंडू फेकला की त्याचा दमसास वाढतो, डोकं शांत होत नाही. आमच्याकडे फरक पडला तो नाकाला काम दिल्यावर. त्याचं जेवण आम्ही भांड्यात देतच नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे भरायचे आणि त्यात त्याच्या कोरड्या खाण्याचे दाणे लपवायचे, किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत. अर्धा तास हुंगण्यात जातो आणि मग तो खरोखर झोपतो. उकरण्याचंही तसंच. बाल्कनीतल्या कुंड्या वाचवायच्या असतील तर त्याला वाळूने भरलेला एक टब द्या आणि त्यातच खेळणी पुरा.

भुंकणं मात्र आहेच. लिफ्टचं दार, कुरिअरवाला, समोरच्या कठड्यावरचं कबुतर. कमी करता येतं, बंद होत नाही. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल तर ते शेजारी तुमच्या आयुष्यात किती येणार याचा विचार आधी करा.

डोंबिवली. यॉर्की (यॉर्कशायर टेरिअर), मादी.

सासूबाईंना सोबत म्हणून आणली आणि त्यांच्याशी तिचं छान जमलं. जातीच्या मानकात वजन ३.२ किलोपर्यंतच असतं, म्हणजे हाडं किती नाजूक ते समजा. या आकाराच्या कुत्र्यांचे पुढचे पाय सोफ्यावरून उडी मारूनही मोडतात आणि तिथलं हाड सांधायला वेळ लागतो. सोफ्याला आणि पलंगाला आम्ही छोट्या पायऱ्या लावल्यात. सासूबाई उठल्या की ती पायांत येते, म्हणून तिच्या गळ्यात घुंगरू आहे. पट्टा गळ्याला लावत नाही, हार्नेसच. या जातीची श्वासनलिका कमकुवत असू शकते, त्यामुळे गळ्यावर ओढ नको. केस रोज विंचरायचे नसतील तर सरळ बारीक कापून ठेवा.

'टीकप यॉर्की' म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर तिथून निघा. अशी जात कुठलाही केनेल क्लब मानत नाही. अति लहान पिल्लांची रक्तातली साखर एक जेवण चुकलं तरी घसरते.

गिरगाव. जॅक रसेलची संकर, मादी. तळमजला.

मुंबईत ज्यांना टेरिअर घ्यायचाय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण उंदरांच्या शहरात उंदीर मारणारा कुत्रा आणणं ही साधी गोष्ट नाही.

आमच्या चाळीत मागच्या बोळात घुशी आहेत. हिला कोणी शिकवलं नव्हतं. मानेला धरायचं, एकदा जोरात झटकायचं आणि सोडून पुढच्याकडे वळायचं, हे तिला उपजतच येत होतं. चाळकरी खूष. मला मात्र पहिली काळजी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस). उंदरांच्या मूत्रातून तो जंतू साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याच्या यकृतावर आणि मूत्रपिंडावर उतरतो, आणि आजारी कुत्र्याच्या मूत्रातून माणसालाही होऊ शकतो. लस आहे, पिल्लांना देतात त्या एकत्रित लसीत बहुधा असतेच, पण तुमच्या लसीत आहे का ते कार्डावर वाचून घ्या. सुरुवातीला दोन डोस आणि मग दरवर्षी. आम्ही तो पावसाळ्याआधी पडेल असाच धरतो. लस जंतूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही, त्यामुळे तुंबलेल्या पाण्यातून चालवायचं नाही आणि शिकार झाली की तोंड, पंजे धुवायचे.

दुसरी काळजी विषाची. रक्त गोठू न देणारं उंदीरनाशक खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर विष त्याच्याही पोटात जातं. लक्षणं लगेच दिसत नाहीत. काही दिवसांनी हिरड्यांतून रक्त, धाप, मलूलपणा. वेळेत कळलं तर व्हिटॅमिन के देऊन वाचवता येतं. झिंक फॉस्फाइडला मात्र उतारा नाही. आमच्या चाळीत मी सगळ्यांशी बोलून विषाऐवजी पिंजरे लावायचं ठरवून घेतलं, आणि विष टाकायचंच असेल तर आधी मला सांगायचं. तुमच्या इमारतीत असं बोलणं शक्य नसेल, तर तळमजल्यावर टेरिअर ठेवण्याआधी दोनदा विचार करा.

पुणे. घेतला नाही.

तेही लिहा म्हणालात म्हणून. घरात दोन वर्षांची मुलगी आणि तिच्याआधीपासूनचा बोका. मैत्रिणीकडे शांत, शिकवलेला, मोठ्या वयाचा जॅक रसेल आहे. ती त्याला पट्ट्याने धरून आमच्याकडे घेऊन आली. बोका फ्रिजवर जाऊन बसला आणि कुत्रा फ्रिजकडे बघत उभा राहिला. चिकनचा तुकडा नाकाशी धरला तरी मान वळेना. भुंकला नाही, गुरगुरला नाही, नुसता थरथरत बघत राहिला. मैत्रीणच म्हणाली, "तुमच्याकडे नको गं."

पिल्लापासून मांजरासोबत वाढलेले टेरिअर नीट राहतात अशी घरं मी पाहिली आहेत. पण आमचा बोका म्हातारा आहे आणि कामाच्या दिवसात त्या दोघांवर नजर ठेवायला कोणी नाही. शिवाय मुलीचं वय कान ओढायचं. मोठे शांत कुत्रे उठून दुसऱ्या खोलीत जातात. टेरिअर कमी वेळा इशारा देतो आणि लवकर चावतो, असं आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही मांजरांसोबत राहिलेली एक मोठी इंडी (देशी) कुत्री दत्तक घेतली.

नाशिक, दिंडोरी रस्ता. जॅक रसेल, द्राक्षबाग.

मोकळी जागा आहे म्हणजे टेरिअरला स्वर्ग, असं लोक म्हणतात. जागा आहे, पण जागेत काय काय आहे तेही बघा.

एक, द्राक्षं. कुत्र्याचं मूत्रपिंड द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी निकामी होऊ शकतं. किती खाल्ली तर धोका हे सांगता येत नाही, एखाद्याला थोडीही बाधतात. हंगामात मणी खाली पडलेले असतात, म्हणून जानेवारी ते एप्रिल त्याला बागेत मोकळा सोडत नाही. फवारणीच्या दिवसांतही नाही.

दोन, साप. इतर कुत्रे साप बघून लांबून भुंकतात. हा वाकून आत घुसतो. घोणस असो की धामण, त्याला फरक नाही. दंश बहुतेक तोंडावरच होतो. माणसाला देतात तेच प्रतिविष कुत्र्यालाही चालतं, पण रात्री-अपरात्री ते कोणाकडे मिळेल हे आधी विचारून ठेवायला हवं. आमच्या भिंतीवर तीन दवाखान्यांचे नंबर लिहिलेले आहेत. घराभोवती जाळीचं कुंपण आहे, तेही तळाशी जमिनीत पुरलेलं, नाहीतर तो खालून बोगदा काढतो. अंधार पडल्यावर पट्टा.

तीन, गोचीड. महिन्याच्या महिन्याला औषध चुकवत नाही. टिक फिव्हर आमच्या भागात सर्रास आहे.

एवढं सगळं असूनही पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन. धान्याच्या खोलीत आता उंदीर टिकत नाही, आणि ट्रॅक्टर सुरू झाला की हा माझ्याआधी बागेच्या फाटकाशी उभा असतो.

मडगाव. वेस्टी.

त्वचा, त्वचा आणि त्वचा. ॲलर्जी या जातीत खूप आढळते. त्यात आमची दमट हवा. पावसाळ्यात पंजे चाटून चाटून लाल होतात आणि पोटाखाली वास यायला लागतो. औषधी शाम्पू, पाय कोरडे पुसणं, दर काही आठवड्यांनी डॉक्टर. स्वभाव मात्र हसरा, पाहुण्यांना आवडणारा. किनारपट्टीवर राहत असाल तर दरमहा औषधासाठी पैसे बाजूला काढता येतील का, हे आधी बघा.

प्रश्न: आमच्या सोसायटीने ठराव केलाय की कुत्रा पाळायचा नाही, आणि लिफ्टमधून तर मुळीच न्यायचा नाही. मग काय?

धागाकर्ती: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं कार्ड तयार ठेवा, शी उचलायची पिशवी रोज जवळ बाळगा. पण टेरिअरच्या बाबतीत खरा वाद आवाजाचा होतो, आणि तो कागद दाखवून मिटत नाही. पिल्लू आणण्याआधी वर, खाली आणि शेजारी जाऊन सांगा, आणि त्रास झाला तर थेट तुम्हालाच फोन करायची विनंती करा. आमच्या मजल्यावर याचा फार उपयोग झाला.

लीड्स. बॉर्डर टेरिअर.

यॉर्कशायरमध्येच राहतो, त्यामुळे टेरिअर इथे घरोघरी. बॉर्डर त्यातला जरा समजूतदार, शिकारीच्या घोड्यांसोबत धावायचा म्हणून पाय लांब. तरीही मेंढ्यांच्या कुरणाजवळ पट्टा सोडत नाही.

मला पिल्लू निवडण्याबद्दल सांगायचंय. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानातून किंवा दलालाकडून विकत घेता येत नाही, ब्रीडरने ते आईसोबत दाखवावं लागतं. मी हा नियम नसता तरी आईला बघितलंच असतं. ती अनोळखी माणसाजवळ कशी येते, दारावरची घंटा वाजल्यावर किती वेळात शांत होते, हे बघून पिल्लाबद्दल जितकं कळतं तितकं फोटोवरून कधीच कळत नाही. भारतातही २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या मंडळाकडे नोंदणी हवी. नोंदणी दाखवा म्हटल्यावर जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका.

बंगळुरू. जॅक रसेल, अकरा वर्षांची.

म्हातारपणाबद्दल कोणी लिहिलं नाही. हे कुत्रे तेरा ते सोळा वर्षं सहज जगतात. आज पाचवीत असलेला मुलगा कॉलेज संपवून नोकरीला लागेल तेव्हाही कुत्रा तुमच्याकडेच असेल.

आमच्या कुत्रीच्या एका डोळ्यातलं भिंग सरकलं. टेरिअरांमध्ये हा आनुवंशिक दोष आहे. भिंगाला धरून ठेवणारे तंतू तुटतात, डोळ्यातला दाब वाढतो, आणि उशीर झाला तर नजर जाते. डोळा लाल झाला, ती मिचकावू लागली आणि बुबुळावर निळसर झाक आली. त्याच दिवशी नेलं म्हणून डोळा राहिला. या दोषाची डीएनए चाचणी होते. पिल्लाच्या आई-वडिलांची केली आहे का, एवढा प्रश्न नक्की विचारा.

कोल्हापूर. मोठ्या वयात घेतलेला जॅक रसेल.

आई-बाबा निवृत्त. पिल्लाच्या मागे पळणं त्यांना जमलं नसतं, म्हणून परदेशी निघालेल्या एका कुटुंबाचा सहा वर्षांचा कुत्रा घेतला. घेण्याआधी आम्ही त्याला काही दिवस राहायला मागितलं आणि त्या लोकांनी दिला. त्या दिवसांत आम्ही मुद्दाम सगळं नेहमीसारखंच चालू ठेवलं. आईची दुपारची झोप, बाबांचा मोठ्या आवाजातला टीव्ही, सकाळी दूधवाला, संध्याकाळी भिशीच्या बायका.

त्यांना स्पष्ट प्रश्नही विचारले. कोणाला चावलाय का, आणि कशावरून? एकटा किती वेळ राहतो? खाताना कोणी हात घातला तर काय करतो? त्यांनी खरं सांगितलं. चावलेला नाही, ताटापाशी कोणी आलं तर गुरगुरतो, आणि दुसरा नर कुत्रा दिसला की अंगावर जातो. ताटाचं आम्हाला चालण्यासारखं होतं, घरात लहान मूल नाही. अंगावर जाण्यासाठी बाबांनी रंकाळ्याची गर्दीची वेळ सोडून पहाटेची धरली. नातवंडं सुट्टीला येतात तेव्हा त्याचं जेवण मागच्या खोलीत, दार लावून होतं.