पकडलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सरकारी खर्चाने वकील हवा की नको?

रेवती_के:
गेली सहा वर्षं अमेरिकेत पब्लिक डिफेंडर, म्हणजे ऐपत नसलेल्या आरोपींना सरकारी खर्चाने मिळणारी वकील, म्हणून काम करतेय, त्यातली शेवटची दोन फक्त अरेन्मेंटला, म्हणजे काल-परवा पकडलेला माणूस पहिल्यांदा जजसमोर उभा राहतो तिथे. परवा एका घरी सगळे जमलो होतो, एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं, चोरांची बाजू घेऊन रात्री झोप लागते का तुला?" तेव्हा गप्प बसले पण ते डोक्यातून जात नाहीये. म्हणून इथे लिहितेय.

आमची सकाळ अशी असते की टेबलावर वीस-पंचवीस फायली आणि एकेकाला फार तर दहा मिनिटं. काचेपलीकडे माणूस असतो, रात्रभर झोपलेला नाही, बुटाच्या नाड्या काढून घेतलेल्या. मी "तू केलंस का" हे विचारतच नाही. मी विचारते कामावर कधी जायचंय, घरी लहान मुलं कोणाकडे आहेत, औषध कुठलं चालू आहे, कोणाला फोन करू. आणि इथेच घोडं अडतं, कारण मोबाईल पोलिसांकडे जमा आणि नंबर एकही पाठ नाही. एकाला फक्त आईचा नंबर येत होता, लहानपणी घोकून घेतलेला. लावला, आईने पहिल्याच रिंगला उचलला, आणि तासाभरात त्याची बहीण नोकरीचं पत्र घेऊन कोर्टात मागच्या बाकावर हजर. जजने ते पत्र वाचलं आणि त्याला जामिनाच्या पैशांशिवाय सोडलं. ते पत्र नसतं तर तो आठवडाभर आत, नोकरी गेली, भाडं थकलं, आणि त्याने गुन्हा केला की नाही हे अजून कोणी बघितलेलंही नाही!

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या दिवशीचा वकील गुन्हा लपवायला नसतो. निकाल लागायच्या आधीच माणसाचं आयुष्य मोडू नये म्हणून असतो.

सुधीर_म:
ताई, राग मानू नका पण मी असहमत. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे चोरी झाली, आईच्या बांगड्या गेल्या, त्या तिच्या आईच्या होत्या. मुलगा पकडला गेला, दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजूला वकील उभा, फुकट, माझ्याच टॅक्समधून. आणि आम्हाला सुनावणीची तारीख कळली ती सुनावणी होऊन गेल्यावर. तो बाहेर आला आणि आई आठ महिने खिडकी उघडायची नाही. तुम्ही त्याच्या भाड्याची काळजी करता, आईच्या खिडकीची कोण करणार?

अनघा:
सुधीरदादांशी सहमत. वकील द्या, पण आधी जरा चौकशी होऊ दे ना, केस उभी राहिली की द्या. पहिल्याच दिवशी कशाला?

रेवती_के:
अनघा, नेमकं हेच टेक्सासमध्ये झालं होतं. वॉल्टर रॉथगेरी म्हणून एक माणूस, २००२ मध्ये अटक, आरोप काय तर फेलनीची, म्हणजे गंभीर गुन्ह्याची, शिक्षा झालेली असताना बंदूक बाळगली. पण त्याला अशी शिक्षा झालेलीच नव्हती, रेकॉर्डमध्ये चूक होती. बाहेर आल्यावर तो पुन्हा पुन्हा वकील मागत राहिला, मिळाला नाही. सहा महिन्यांनी इंडाइटमेंट, म्हणजे रीतसर आरोपनिश्चिती, झाली, परत अटक, जामीन १५,००० डॉलर, तेवढे नव्हते म्हणून तीन आठवडे तुरुंगात. मग एकदाचा वकील मिळाला, त्याने कागद गोळा करून सरकारी वकिलाला दाखवले आणि केस रद्द. जे काम काही कागदांचं होतं त्याला सहा महिन्यांवर गेले. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये सांगितलं की वकिलाचा हक्क पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं तिथूनच सुरू होतो, सरकारी वकिलाला केस माहीत असो वा नसो.

सुधीरदादा, तुम्हाला सावकाश लिहिते, घाईत उत्तर द्यायचं नाहीये.

नंदन_प:
आणि त्याच्याही आधीची गोष्ट, पोलीस चौकशीतली. सगळ्यांना वाटतं वकील मागितला की चौकशी थांबते. थांबते, पण स्पष्ट मागावा लागतो. १९९४ च्या केसमध्ये डेव्हिस नावाच्या आरोपीने "मी कदाचित वकिलाशी बोलायला हवं" अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं होतं, कोर्ट म्हणालं ही मागणी नव्हे. आता घाबरलेला माणूस, त्यातून इंग्रजी दुसरी भाषा, तो असंच चाचरत बोलणार ना? आपण तर पाणी मागतानाही "मिळेल का जरा" म्हणतो.

श्रीकांत_ज:
मी वेगळ्याच बाजूने विरोध करतो. वकील हवाच, पण तुम्ही ज्याला वकील म्हणताय तो खरा वकील आहे का? माझ्या मित्राच्या भावाला जो मिळाला त्याने कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या पाच मिनिटं बोलून सांगितलं की प्ली घे, म्हणजे तडजोड करून गुन्हा कबूल कर, आज घरी जाशील. त्याने घेतली. आता प्रत्येक नोकरीच्या फॉर्मवर ते लिहावं लागतं. सुप्रीम कोर्टानेच २०१२ मध्ये नोंदवलंय की राज्यांमधल्या शिक्षांपैकी ९४ टक्के आणि फेडरल ९७ टक्के प्लीमधूनच होतात. म्हणजे खटला चालतच नाही. सरकारने वकील दिला एवढं समाधान कोर्टाला मिळतं, आरोपीला काय मिळतं? मला तर वाटतं या व्यवस्थेमुळे चूक लपते.

रेवती_के:
श्रीकांत, हे मला सगळ्यात जास्त लागलं कारण यातलं बरंचसं खरं आहे. मीही कॉरिडॉरमध्ये बोललेय. १९७३ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने ठरवलं की एका वकिलाने वर्षाला फार तर १५० फेलनी घ्याव्यात, आणि पुढची ५० वर्षं तोच आकडा चालला. २०२३ मध्ये रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात निघालं की अगदी खालच्या फेलनीलाही सरासरी ३५ तास लागतात. गुणाकार करून बघा, वर्षाचे कामाचे तास २,०८० धरले तर साठ केससुद्धा बसत नाहीत, आणि खुनाची केस असेल तर बोलूच नका.

पण यावरून वकील खोटा असं नाही होत, माणसं कमी आहेत असं होतं. १९६३ मध्ये गिडियन नावाच्या गरीब आरोपीच्या केसमुळे सरकारी खर्चाने वकील मिळायचा हक्क सगळ्या राज्यांना लागू झाला. पहिल्या खटल्यात त्याला वकील दिलाच नव्हता, स्वतःच लढला, पाच वर्षांची शिक्षा. तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहून पाठवला. दुसऱ्यांदा खटला चालला तेव्हा वकील होता, त्याने साक्षीदाराची उलटतपासणी नीट केली, ज्युरीला तासभर लागला, निर्दोष. माणूस तोच, आरोप तोच, गाव तेच. त्या वकिलाने आधी तयारी केली होती आणि माझ्यासमोर वीस फायली असतात, तुमचं म्हणणं तिथे बरोबर आहे. भांडायचं तर बजेटशी भांडूया.

मेधा_आपटे:
हे सगळं ठीक, पण आपल्या लोकांचा याच्याशी संबंध किती येतो?

रेवती_के:
मेधाताई, येतो. मॉलमधून एक जॅकेट उचललेली मुलगी, पार्टीनंतर गाडी चालवलेला मुलगा, नवरा-बायकोच्या भांडणात शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, हे सगळे काचेपलीकडे बघितलेत मी. आणि व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असाल तर छोटी प्लीसुद्धा महागात पडते. केंटकीत केस झालेल्या पाडिलाला, ४० हून जास्त वर्षं कायदेशीर राहिलेला, व्हिएतनाममध्ये लढलेला माणूस, त्याला वकिलाने सांगितलं इतकी वर्षं राहतोयस, इमिग्रेशनची चिंता करू नकोस. त्याने प्ली घेतली आणि डिपोर्टेशन समोर. त्यानंतर २०१० मध्ये कोर्टाने ठरवलं की डिपोर्टेशनचा धोका सांगणं हे वकिलाचं कामच आहे. म्हणून मी सगळ्यांना जन्म कुठला विचारते, आणि लोक घाबरतात, त्यांना वाटतं ही कोणाला तरी कळवणार.

अनघा:
हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशीचं आता थोडं पटतंय. फुकटचं अजून नाही, ऐपत असलेले लोकही घेत असतील तर?

नंदन_प:
उत्पन्नाचा फॉर्म भरावा लागतो अनघा, आणि बऱ्याच राज्यांत नंतर फी वसूलही करतात. पूर्ण फुकट असतंच असं नाही.

रेवती_के:
सुधीरदादा, तुमच्यासाठी. आईच्या खिडकीबद्दल काल रात्री खूप वेळ विचार केला. तुम्हाला तारीख कळायलाच हवी होती, ती चूक झाली आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. त्या मुलाला घर आणि आईपासून लांब राहायची अट घालता येते, अशा अटी मी स्वतः कितीदा मान्य केल्यात, कारण अट असली तर जज सोडायला तयार होतो. पण त्याला वकील मिळाला नसता तर तुम्हाला तारीख कळली असती असं नाही ना. तुमचं नुकसान त्याच्या वकिलाने नाही केलं.

सुधीर_म:
हे डोक्याला पटतं, मनाला नाही पटत. तो मुलगा एकोणीसचा होता हे मला कोर्टात कळलं. केस अजून संपलेली नाही, पुढच्या महिन्यात शिक्षेची सुनावणी आहे. आईला काही बोलायचंय, पण तिला इंग्रजी जमत नाही आणि मी तिच्या वतीने बोललो तर ते माझं होईल.

रेवती_के:
तिला बोलता येईल. सरकारी वकिलाच्या ऑफिसात व्हिक्टिम अ‍ॅडव्होकेट, म्हणजे ज्यांचं नुकसान झालंय त्यांना मदत करणारे, असतील, त्यांना सांगा की आईला स्वतः बोलायचंय आणि मराठी इंटरप्रिटर हवाय. मराठी म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीचा पाठवतात. आजच फोन करा, ऐनवेळी मिळत नाही. आणि त्या दिवशी त्या मुलाच्या बाजूला वकील असेलच, तो आईला अडवणार नाही.

सुधीर_म:
केला फोन. त्यांनी मराठीचं स्पेलिंग दोनदा विचारून लिहून घेतलं. माझं मत बदललेलं नाही. आईने बांगड्यांचा जुना फोटो शोधायला घेतलाय.