गोल्फ कोर्सचा वास्तुविशारद नेमके काय घडवतो?

गंगापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमध्ये इमारतींची कामे करणारा स्थापत्य अभियंता आहे. गोल्फशी माझा संबंध एवढाच, की सकाळी ज्या गोल्फ क्लब मैदानावर फिरायला जातो, तिथे क्रिकेट खेळले जाते. मात्र एप्रिलमध्ये अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल या कोर्सवर होणारी मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा दूरचित्रवाणीवर पाहू लागल्यापासून एक गोष्ट खटकते. समालोचक विजेत्या खेळाडूइतक्याच आदराने अलिस्टर मॅकेन्झी या वास्तुविशारदाचे नाव घेतात. इमारतीत वास्तुविशारदाने काय केले, ते बोट ठेवून दाखवता येते. येथे तर उतार, झाडे, ओढा आणि गवत यांपलीकडे काहीच दिसत नाही. जमीन सारखी करून गवत लावले आणि चार ठिकाणी वाळूचे खड्डे काढले, तर कोर्स तयार होणार नाही का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

देवळालीकर

आपण म्हणता तसे केले तर हिरवे मैदान तयार होईल, पण त्यावर खेळाडूला विचार करण्याचे कारण उरणार नाही. वास्तुविशारद प्रत्येक होलवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडू घालायच्या खळग्यापर्यंतच्या, कमीत कमी फटक्यांत पार करायच्या टप्प्यावर, खेळाडूपुढे एक निवड ठेवतो आणि त्या निवडीची किंमत आधीच ठरवून ठेवतो; त्याची खरी रचना ती.

याचे मूळ उदाहरण स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. गंमत अशी, की तो कोणा एका वास्तुविशारदाने आखलेला नाही. समुद्रकाठच्या वाळूच्या उंचवट्यांवर तो शतकानुशतके घडत गेला, १७६४ मध्ये तिथल्या फेरीतील २२ होलांचे १८ झाले आणि एकोणिसाव्या शतकात ओल्ड टॉम मॉरिस यांनी त्याची निगा राखता राखता काही बदल केले. तरीही पुढच्या बहुतेक वास्तुविशारदांनी धडे गिरवले ते तिथेच. तिथला सतरावा होल पाहा. पहिला फटका उजवीकडे, हॉटेलच्या हद्दीवरून मारण्याचे धाडस केले आणि ते साधले, तर ग्रीनकडे, म्हणजे खळगा असलेल्या बारीक कापलेल्या हिरवळीकडे, जाण्याचा कोन सोपा मिळतो. डावीकडे जागा भरपूर आहे, पण तिथून ग्रीन गाठायचे तर वाटेत खोल बंकर (वाळूचा खड्डा) येतो आणि त्याच्या भीतीने फटका जरा लांब गेला, तर चेंडू ग्रीनमागच्या रस्त्यावर जातो. जपून मारलेल्या फटक्याचे देणे असे पुढच्या फटक्यात चुकवावे लागते.

मॅकेन्झी हे शिक्षणाने डॉक्टर. बोअर युद्धात शल्यचिकित्सक म्हणून गेले असताना बोअर सैनिक उघड्या माळावर बेमालूम कसे लपतात, याचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले, आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करासाठी याच विषयावर कामही केले. त्यांच्या बंकरांच्या कडा वेड्यावाकड्या आणि आजूबाजूच्या चढउतारांत मिसळून गेलेल्या असतात, त्याचे मूळ तिथे आहे. आपल्याला ‘काहीच केलेले दिसत नाही’, ही तक्रार ऐकून त्यांना बहुधा आनंदच झाला असता.

ऑगस्टा त्यांनी बॉबी जोन्स या खेळाडूबरोबर आखला. तेराव्या होलवर फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा, डावीकडे वळतो आणि ग्रीनच्या पुढून ओढा वाहतो. दुसऱ्याच फटक्यात ओढा ओलांडण्याचा प्रयत्न करायचा, की अलीकडे चेंडू ठेवून तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर जायचे, हे खेळाडूने ठरवायचे. काळाच्या ओघात चेंडू इतके लांब जाऊ लागले, की हा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला. म्हणून २०२३ मध्ये टी, म्हणजे पहिला फटका मारण्याची जागा, मागे नेऊन या होलची लांबी ५१० यार्डांवरून ५४५ यार्ड केली गेली. मॅकेन्झी मात्र जानेवारी १९३४ मध्ये वारले. पहिली स्पर्धा त्याच वर्षी मार्चमध्ये झाली, आणि ती काही त्यांना पाहता आली नाही.

मुरूम_आणि_माती

वरील उत्तर उत्तम आहे, पण प्रश्नकर्ते अभियंता असल्यामुळे जमिनीखालची बाजूही मांडतो. कोर्स आखताना पहिला विचार पाण्याच्या निचऱ्याचा करावा लागतो. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये ग्रीनच्या बांधणीची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यानुसार वर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण, त्याखाली सुमारे १० सेंटिमीटर बारीक खडी आणि तळाशी चरांमध्ये सच्छिद्र पाइप असतात. वाळूतील बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि तो थर पुरेसा भिजला, की जास्तीचे पाणी एकदम खडीत उतरते. त्यामुळे मुळांना ओल मिळते, पण पृष्ठभागावर चिखल होत नाही. आपल्या काळ्या जमिनीवर थेट ग्रीन केले, तर पावसाळ्यात ते फुगेल, उन्हाळ्यात त्याला भेगा पडतील, आणि चेंडू सरळ घरंगळण्याची आशा सोडावी लागेल.

गवताचेही ऐकण्यासारखे आहे. उष्ण प्रदेशांतील बहुतेक कोर्सवर बर्म्युडा गवत असते, म्हणजे आपली हरळीच. द्राक्षबागेत जी काढून काढून शेतकरी थकतो, तिचाच आफ्रिकेतील एका भाऊबंदाशी संकर करून अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्रीन आणि फेअरवेसाठीचे प्रसिद्ध वाण तयार झाले.

पंचवटीचा खेळाडू

देवळालीकरांशी मी एका मुद्द्यावर सहमत नाही. उत्तम वास्तुविशारद नेहमी निवड देतोच, असे नाही. फ्लोरिडातील टीपीसी सॉग्रास हा पीट डाय यांचा १९८० मध्ये खुला झालेला कोर्स सपाट, दलदलीच्या जागेवर उभा आहे. तिथे सतराव्या होलच्या जागी चांगली वाळू सापडली, ती बाकीच्या कामासाठी काढत गेल्यामुळे मोठा खड्डा पडला, आणि त्यात पाणी भरून ग्रीनचे बेट करावे, ही सूचना त्यांच्या पत्नी, स्वतः निष्णात खेळाडू आणि वास्तुविशारद असलेल्या ॲलिस डाय यांनी केली. अंतर अवघे १३७ यार्डांच्या आसपास. चेंडू ग्रीनवर, नाही तर पाण्यात. तिसरा मार्गच नाही. माझ्या मते कोर्समध्ये असा एखादा होल शोभून दिसतो, पण अठराही तसेच असतील तर त्या कोर्सवर पुन्हा जाण्याची इच्छा होणार नाही.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निचऱ्याचा मुद्दा माझ्या डोक्यात सहज उतरला. एक शंका मात्र उरते. साधारण १८ होलांच्या कोर्सला ५० हेक्टरांहून अधिक जागा लागते, असे वाचले. आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगावी टँकर फिरत असताना एवढे गवत हिरवे ठेवणे समर्थनीय आहे का?

मुरूम_आणि_माती

सगळे हिरवे ठेवायचे ठरवले तर मुळीच नाही, आणि तसे ठेवायलाच हवे, असेही नाही. नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्ट क्रमांक २ हा डोनाल्ड रॉस यांचा १९०७ मधील कोर्स पुढे गवताने पार झाकला गेला होता. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१०-११ मध्ये त्यावरील सुमारे ३५ एकर हिरवळ काढून टाकली, तिथे मूळची वाळू आणि रानगवताचे झुबके परत आणले आणि पाणी फवारणाऱ्या शेकडो तोट्या बंद केल्या. त्यानंतर २०१४ मध्ये पुरुषांची आणि महिलांची अमेरिकन ओपन लागोपाठच्या दोन आठवड्यांत तिथेच झाली, म्हणजे खेळाचे काही बिघडले नाही.

नाशिक परिसरात कोणी आखणी करणार असेल, तर टी, ग्रीन आणि फेअरवेचा मधला पट्टा एवढेच प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर ठेवावे आणि बाकी माळावर कुसळी वाढू द्यावी, असे मी सुचवेन. उन्हाळ्यात ती पिवळी पडेल, आणि तिच्यात गेलेला चेंडू शोधताना खेळाडूंची चांगलीच दमछाक होईल.